चालते घर जागेवर ठेवताना

जिला स्वतःचे इंजिन नाही आणि जी जीपमागे जोडून ओढत न्यावी लागते, अशी कॅरॅव्हॅन साडूंनी आणि मी मिळून घेतली, तेव्हा ती चालेल कशी याची चौकशी सगळ्या जुळे सोलापूरने केली; ती थांबेल कशी, हे मात्र कोणी विचारले नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले होते, त्या बातमीचे कात्रण साडूंनी जपून ठेवले होते, आणि निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशाचे काय करावे, या प्रश्नाचे ते सरकारनेच दिलेले उत्तर आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. घर दाराशी आले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि त्यानंतर या चाकांवरच्या घरासाठी मी जे जे विकत घेतले, ते सारे ते घर हलू नये म्हणून घेतले.

थोडे कलते राहिले म्हणून काय बिघडते, असे मलाही वाटत असे. सोलापुरातली अनेक जुनी घरे पिढ्यान्‌पिढ्या कलती उभी आहेत आणि त्यांत माणसे सुखाने नांदत आहेत. परंतु त्या घरांत आमच्यासारखा फ्रिज नाही. आमच्या कॅरॅव्हॅनमधला फ्रिज कॉम्प्रेसरवर चालत नाही. 1922 साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेल्या पद्धतीने तो चालतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे तिघे बंद नळ्यांतून फिरत असतात, त्यांना फिरवायला पंप नसतो, खालून आच द्यायची आणि परतीचा प्रवास गुरुत्वाकर्षणावर सोपवायचा, एवढीच सारी व्यवस्था. गॅस पेटवून बर्फ मिळतो, हे साडूंना इतके आवडले की येईल त्याला ते फ्रिजचे दार उघडून दाखवीत, आणि अर्थातच फ्रिज त्यामुळे कधी गार होत नसे. पण खरी गोम अशी की घर कलले, की परतीच्या वाटेवरचा द्रव नळीत नको तिथे साचतो आणि गारवा बंद पडतो. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 40 अंशांच्या वर असताना, ताकाचे भांडे हातात घेऊन सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीकडे बघण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याला सपाटपणाचे मोल कळायचे नाही.

आमच्या सौभाग्यवतींचा मुद्दा याहून सरळ होता. ‘‘अहो, तुमचा फ्रिज राहू द्या बाजूला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘या ओट्यावर पातेलं ठेवलं, की आमटी एका कडेला जाते आणि फोडणी दुसऱ्या कडेला राहते. शिवाय सिंकमधलं पाणी भोकाकडे जायचं सोडून माझ्याकडे येतं.’’ भौतिकशास्त्राचा इतका नेमका अहवाल मला पुढे कुठल्याही माहितीपुस्तिकेत वाचायला मिळाला नाही.

कॅरॅव्हॅन सपाट करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलता येत नाही. ती जीपला जोडलेली असतानाच आधी आडवा तोल साधायचा, म्हणजे जी बाजू खाली आहे तिकडचे चाक रॅम्पवर, म्हणजे चढत्या ठोकळ्यावर, चढवायचे. मग हँडब्रेक ओढून चाकांना पाचरी लावायच्या. मग जीप सोडवायची. मग पुढचे छोटे जॉकी व्हील वरखाली करून उभा, म्हणजे पुढचा-मागचा, तोल साधायचा. आणि सर्वांत शेवटी चारी कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकवायचे. हे वाचायला सोपे आहे. यातल्या प्रत्येक क्रियापदासाठी बाजारात निदान चार प्रकारची साधने मिळतात आणि प्रत्येक साधनासाठी आमच्या ओळखीत निदान चार सल्लागार आहेत, हे वाचताना लक्षात येत नाही.

घर कलले आहे हे मोजायचे कशाने, इथूनच मतभेदाला प्रारंभ झाला. मी गवंड्याकडे असते तशी पाणसळ आणली. काचेच्या नळीतल्या बुडबुड्याने सपाटी दाखवण्याची युक्ती सतराव्या शतकातल्या थेवनो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांची आहे, आणि बुडबुडा नेहमी उंच बाजूकडे धावतो, ही तिची साधी मेख आहे. साडूंनी आयुष्यभर कचेरीत काम केलेले असल्यामुळे, जिकडे बुडबुडा तिकडे काहीतरी अडचण असणार आणि म्हणून तीच बाजू उचलली पाहिजे, असा त्यांचा प्रशासकीय निष्कर्ष होता. माझ्या मुलाने मोबाइलवरचे ॲप सुचवले. मोबाइल जमिनीवर ठेवला असता त्याने जे माप दाखवले, ते कॅरॅव्हॅनचे नसून मोबाइलच्या पाठीवर उंच आलेल्या कॅमेऱ्याचे होते, हे उघडकीला यायला थोडा वेळ गेला; तोपर्यंत सपाट असलेले घर आम्ही सर्वांनी मिळून तिरके केले होते. मापाचे गणित मात्र मला आवडले. दोन चाकांमध्ये 2 मीटर अंतर आहे असे धरले आणि घर 2 अंशांनी कलले असले, तर खालचे चाक सुमारे 7 सेंटिमीटर उचलावे लागते. पेल्यातल्या पाण्यात जेमतेम जाणवणारा कल चाकाखाली आला की एवढा मोठा होतो.

रॅम्पच्या खरेदीबद्दल मला सविस्तर बोलणे भाग आहे. ऑनलाइन दुकानांत दिसणारे रॅम्प बहुधा पिवळ्या प्लास्टिकचे असतात आणि छायाचित्रात ते हिरव्यागार, नुकत्याच इस्त्री केलेल्या कुरणावर ठेवलेले असतात. काहींना पायऱ्या असतात, म्हणजे उंची ठरावीक टप्प्यांनीच मिळते. काही सलग वळणदार असतात, त्यांवर चाक कुठेही थांबवता येते, मात्र ते तिथे थांबवण्याची कला चालकाच्या पायात असावी लागते. हवा भरायच्या पिशव्याही असतात. चाक पिशवीवर आणायचे आणि पंपाने ते वर उचलायचे. बाभळीचे आणि बोराटीचे काटे ज्या जिल्ह्यात मुबलक आहेत, तिथे हवेवर विसंबणे मला पटले नाही. भार पेलण्याची क्षमता लिहिलेली असते, पण ती एका रॅम्पची की जोडीची, हे शोधायला वर्णन शेवटपर्यंत वाचावे लागते आणि शेवटच्या ओळीत बहुधा रंगाविषयी माहिती असते. आमच्या घराचे वजन सामानासह सव्वा टनाच्या आसपास, दोनच चाके, म्हणजे एका चाकावर सहाशे-सव्वासहाशे किलो. अर्ध्या टनाचा रॅम्प त्याखाली गेला असता, तर मिळालेली उंची प्लास्टिकच्या तुकड्यांच्या जाडीएवढीच उरली असती. शेवटी 4, 7 आणि 10 सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्यांचा भक्कम रॅम्प घेतला.

हे सारे चालू असताना साडूंच्या शेताशेजारचा ट्रॅक्टरवाला बांधावर बसून आमच्याकडे कुतूहलाने बघत होता. ‘‘मालक, एवढे पैसे कशाला घालवताय की ओ? दोन धोंडे लावायचे आणि झोपायचं,’’ असे तो म्हणाला. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असते, हे मान्य. पण चाकाला लावलेले तेच धोंडे काम झाल्यावर रस्त्यात तसेच टाकून जाण्याची जी प्रथा आपल्याकडे आहे, तिच्यामुळे रात्री दुचाकीवरून येणाऱ्याचे काय होते, हेही मी त्याला ऐकवले. तो हसला आणि म्हणाला, ‘‘ते आमच्या ट्रॉलीचे नसत्यात.’’

तरीही चाकाला अडसर हवाच, आणि तो हँडब्रेक ओढल्यावरही हवा. ओढणारी जीप मंदावली की कॅरॅव्हॅनचा ब्रेक आपोआप लागतो आणि रिव्हर्स घेताना चाक उलटे फिरू लागले की तो आपोआप सुटतो. तशी सोय नसती, तर तिला मागे घेणेच अशक्य झाले असते. पण या सोयीमुळेच हँडब्रेक ओढलेला असतानाही उतारावर ती आधी थोडी मागे सरकते आणि मगच पकड घेते. साडूंना हे तिचे स्वतंत्र मत वाटते. मला ते पाचरी मोठ्या घेण्याचे कारण वाटते.

कोपऱ्यांच्या पायांबद्दलचा गैरसमज मात्र सार्वत्रिक आहे. चार कोपऱ्यांना चार पाय, हाताने फिरवायचे लांब हँडल, जमिनीकडे उतरणारा स्क्रू: हे दृश्य पाहणारा प्रत्येक माणूस त्यांना जॅक समजतो. चादरीच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलेले आमचे एक शेजारी तर हँडल हातात घेऊन असे काही भिडले, की एक कोपरा उचलला गेला, खालची चौकट किंचित पिळली आणि दार लागेनासे झाले. हे पाय घर उचलण्यासाठी नसतात. आधीच सपाट केलेले घर माणूस आत चालू लागला की डुलू नये, एवढेच त्यांचे काम. दार लागत नाही हे पाहून शेजारी म्हणाले, ‘‘दार घासून घ्यावे लागेल.’’ सोलापुरात यंत्राबद्दल आदर आहे, पण तो यंत्र उघडल्यानंतरचा आहे.

याच पायांखाली घालायच्या रुंद तबकड्या ही मात्र पैसे वसूल करणारी वस्तू. हिप्परगा तलावाच्या बाजूला साडूंचे शेत आहे आणि तिथली माती काळी. या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात जिच्यात खुंटी ठोकताना हातोडा उलट उसळतो, तीच जमीन पहिल्या पावसात खुंटी आपणहून परत देते. पायाचा तळ 5 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा असेल, तर 50 चौरस सेंटिमीटरवर भार येतो. 20 बाय 20 ची तबकडी घातली की तोच भार 400 चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब आठव्या हिश्श्यावर येतो. हे गणित मी सौभाग्यवतींना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी जुन्या पोळपाटाकडे सूचक नजरेने पाहिले. पोळपाट गोल असतो आणि त्याला स्वतःचेच तीन पाय असतात, एवढ्याच कारणाने तो वाचला. वळवाच्या वाऱ्यासाठी मात्र छताला कडीबंद पट्टे आणि हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या घेतल्या, कारण एप्रिल-मेच्या संध्याकाळी सोलापूरकडे येणारा वारा आधी मांडव उचलतो आणि मग पाऊस पाडायचा की नाही याचा विचार करतो.

सपाटपणाचा प्रश्न इथे संपला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. चोराचा प्रश्न साडूंनी उपस्थित केला. जिला चार दिशांनी ओळखणारी माणसे आहेत, जी पांढरी असून रस्त्याने गेली की पोरे मागे धावतात, ती चोरून कोणी नेईल कुठे, असे मी विचारले. त्यावर, तिला इंजिन नाही, किल्ली नाही, चोराला फक्त स्वतःची एक जीप लागेल, असे बिनतोड उत्तर आले. ब्रिटनमध्ये 1992 पासून ‘सोल्ड सिक्युअर’ नावाची व्यवस्था अशा कुलपांची परीक्षा घेते; चोरांची हत्यारे घेऊन ठरावीक वेळ कुलपावर हल्ला करतात आणि ते टिकले तर त्याला दर्जा देतात. आमच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्याची परीक्षा यापेक्षा जलद होती. त्याने अलिगडी कुलूप गल्ल्याशेजारच्या फरशीवर दाणकन आपटले, फरशीला तडा गेला, आणि तो म्हणाला, ‘‘बघा मालक, कुलपाला काय झालं?’’ जोडणीच्या तोंडावर बसणारे पोलादी कुलूप आणि चाकाचे कुलूप अशी दोन्ही घेण्याचे ठरले.

चाकाच्या कुलपात जी मौज आहे, ती सांगितल्याखेरीज राहवत नाही. चांगल्या प्रतीच्या कुलपात चाकाच्या आऱ्यांमधून एक जाड बोल्ट आरपार जाऊन ब्रेकच्या ड्रममागे बसवलेल्या खाचेत शिरतो, आणि त्यासाठी आऱ्यांमधली फट त्या खाचेच्या बरोबर समोर यावी लागते. चाक दोन बोटे पुढे असले तर बोल्ट जात नाही, दोन बोटे मागे असले तरी जात नाही. इकडे रॅम्पचे म्हणणे असे, की चाक जिथे उभे राहिल्याने घर सपाट होईल तिथेच ते उभे राहिले पाहिजे. म्हणजे सपाट केले तर कुलूप लागत नाही आणि कुलूप लावले तर आमटी कडेला जाते. मी बाहेर उभा राहून ‘‘बस, बस की ओ!’’ असे ओरडायचे, साडूंनी ते ऐकून ब्रेक दाबेपर्यंत चाक दोन बोटे पुढे गेलेले असायचे, आणि मग आम्ही दोघे, ज्यांची मुले आता नातवंडांना शाळेत सोडतात, चोर आणि फ्रिज यांपैकी कोणाची बाजू घ्यावी यावर बांधावर उभे राहून तावातावाने बोलायचो. चाक जॅकने अधांतरी उचलून हव्या त्या कोनात फिरवावे, हा खरा उपाय आहे, आणि त्यासाठी चौकटीला जॅकची वेगळी जागा बसवून घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा.

यावर साडूंनी अंतिम तोडगा काढला. शेतात कॅरॅव्हॅनच्या मापाचा पक्का कोबा घालायचा, त्यात मधोमध लोखंडी कडी गाडायची, म्हणजे सपाटीही मिळेल आणि साखळी अडकवायलाही जागा होईल. चाकांवरच्या घराला आता पाया मिळणार म्हणून सौभाग्यवती आनंदल्या. गवंडी आला, त्याने दोरी धरली, आणि विचारले, ‘‘मालक, उतार कुठल्या अंगाला काढू?’’

उतार अजिबात नको, पाणसळीत हवा, असे मी निक्षून सांगितले.

‘‘असं कसं चालंल? कोबा म्हटलं की उतार आलाच की ओ. पावसाचं पाणी कुठं जाणार? शंभराला एक तरी सोडावा लागतो.’’

लांबीच्या दिशेने उतार दिला असता, तर जॉकी व्हीलने तो सहज निभावला असता. पण त्या बाजूला शेजाऱ्याचा बांध आहे, आणि त्याच्या कांद्यात आमचे पाणी सोडण्यापेक्षा कॅरॅव्हॅन विकलेली बरी, असे साडू म्हणाले. म्हणजे उतार रुंदीला आला. 2 मीटरला 2 सेंटिमीटर. साडूंनी लगेच रॅम्प काढून आणला. त्याची सर्वांत खालची पायरी 4 सेंटिमीटरची आहे.