टुटू आखूड झाला तो रेशनमुळे नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन गटांतून आलं: नाटकवाल्यांच्या, जुन्या मैत्रिणींच्या आणि मुलीच्या डान्स क्लासच्या पालकांच्या. त्याचा सारांश असा. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेना म्हणून बॅले नर्तकींचा टुटू, म्हणजे जाळीचा घेरदार घागरा, आखूड झाला. लंडनमधला बॅले युद्धभर बंदच होता. जे काही थोडंफार नाचले ते टंचाईतले साधे पांढरे अंगरखे घालून. मग रेशन उठलं आणि 1946 साली एका रात्रीत झगमगाट परतला. आणि आज मुली घालतात ते बॅले फ्लॅट्स म्हणजे युद्धाचंच अपत्य.

मी नाटकांचा कपडेपट सांभाळते. घेर, अस्तर, खळ यांच्याशी रोजची गाठ. त्यामुळे पहिल्याच वाक्याला अडखळले.

आखूड टुटू महायुद्धाच्या खूप आधीचा आहे. 1832 साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी 'ला सिल्फीद'मध्ये नाचली तेव्हा तिचा पांढरा, तलम घागरा पोटऱ्यांपर्यंत होता. 1870 च्या दशकातली देगा या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघा, घागरा गुडघ्याच्या आसपास आलेला दिसतो. 1885 साली व्हर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घागऱ्याचा तिने हट्टच धरला. कारण उघड होतं. इटालियन नर्तकींचं पायांचं काम अवघड आणि वेगवान झालं होतं. ते दिसायचं तर पाय उघडे हवेत. 1890 च्या दशकात पिएरिना लेन्यानी एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घ्यायची. त्या गिरक्या लांब घागऱ्यात गुंडाळून ठेवायला कोण तयार होईल? टुटू वर सरकला तो नाचामुळे, आणि तेव्हा ना कुपनं होती ना बाँब.

दुसरं म्हणजे, आखूड टुटूला कापड कमी लागतं हेच मुळात चूक. फ्रॉकला झालर लावलेल्या कुणालाही विचारा, कापड उंचीत जात नाही, चुण्यांत जातं. ताटासारखा आडवा उभा राहणारा टुटू म्हणजे जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येक थर दाट चुण्यांचा, खालचे आखूड आणि वरचे लांब, म्हणजे एकाने दुसऱ्याला तोलून धरावं. काही टुटूंत आत तारेची कडीही असते. कापड वाचवायचंच असतं तर टुटू आखूड न करता सरळ काढून टाकला असता आणि नर्तकीला साधा झगा दिला असता. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये तर उलटंच चित्र दिसतं. सर्ज लिफारने 1943 साली पॅरिस ऑपेरासाठी 'स्वीत आँ ब्लाँ' हा बॅले बसवला. त्यात गोष्ट नाही, नेपथ्य जवळजवळ नाही, आहेत ते पांढरे टुटू, रांगेने.

आता लंडन. 'बंद होता' हे सप्टेंबर 1939 मधल्या जेमतेम दोन आठवड्यांपुरतं खरं आहे. युद्ध जाहीर होताच सरकारी हुकुमाने सगळी नाट्यगृहं बंद झाली आणि लगेच पुन्हा उघडू लागली. निनेट डी व्हॅल्वाची सॅडलर्स वेल्स ही लंडनची बॅले मंडळी दौऱ्यावर निघाली, सुरुवातीला ऑर्केस्ट्राच्या जागी दोन पियानो घेऊन. (फिरती नाटक कंपनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवं वाटणार नाही.) मे 1940 मध्ये ही मंडळी हॉलंडमध्ये प्रयोग करत होती आणि 10 मे रोजी जर्मन सैन्य तिथे घुसलं. नर्तकी मार्गो फॉन्टेन, नृत्यरचनाकार फ्रेडरिक अ‍ॅश्टन, सगळे कसेबसे मालवाहू जहाजातून परतले. मागे राहिलं ते सहा बॅलेंचं सामान: पडदे, पोशाख, स्वरलिपीची बाडं. अ‍ॅश्टनच्या 'होरोस्कोप'चं संगीत त्यात गेलं आणि तो बॅले पुन्हा कधी उभा राहिलाच नाही. त्यातल्याच 'फसाड' या बॅलेसाठी मात्र जॉन आर्मस्ट्राँगने नवे पोशाख आखले आणि दोन-तीन महिन्यांत, त्याच जुलैत, तो परत रंगमंचावर आला. युद्धाने पोशाखांचं काय केलं हे सांगायचंच असेल तर हा प्रसंग सांगा. कपडेपटाची पेटी हरवली की पोटात कसा खड्डा पडतो ते मला ठाऊक आहे. यांच्या तर सहा नाटकांच्या पेट्या गेल्या होत्या.

पुढे सॅडलर्स वेल्सच्या इमारतीत बाँबहल्ल्यात बेघर झालेल्यांना आसरा दिला गेला, म्हणून मंडळी न्यू थिएटरमध्ये आली. 1 जून 1941 पासून ब्रिटनमध्ये कपडे कुपनांवर गेले. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं. तरीही 1942 मध्ये रॉबर्ट हेल्पमनच्या 'हॅम्लेट' या बॅलेसाठी लेस्ली हरी या चित्रकाराने भडक, अंगावर येणारी दृश्यं आणि पोशाख आखले. 1943 मध्ये त्याच हरीने 'स्वान लेक' नव्याने सजवलं. ऐन युद्धात नवं 'स्वान लेक'! बंद पडलेली संस्था हे उद्योग करत नाही.

पांढऱ्या अंगरख्यांचा मुद्दा थोडा अवघड आहे, कारण छायाचित्रं पाहून कुणालाही तसं वाटेल. अ‍ॅश्टनचा 'दान्ते सोनाटा' जानेवारी 1940 मधला. पोलंडवरच्या आक्रमणाने हादरून केलेला. नर्तक अनवाणी, अंगावर नुसती झुळझुळीत वस्त्रं. दिसायला टंचाई. पण कुपनं सुरू व्हायला अजून दीड वर्ष होतं! पोशाख आखणाऱ्या सोफी फेडोरोव्हिचने तो साधेपणा फ्लॅक्समन या इंग्रज चित्रकाराच्या रेखाचित्रांवरून घेतला होता. त्याहून बोलकं उदाहरण एप्रिल 1946 मधलं, अ‍ॅश्टनचाच 'सिम्फनिक व्हेरिएशन्स'. सहा नर्तक, पांढरे पोशाख, मागे फिकट हिरव्या पडद्यावर काही वळणदार रेषा. एका नर्तकाच्या दुखापतीमुळे प्रयोग लांबला, तेवढ्या अवधीत अ‍ॅश्टनने त्यातला बराच पसारा काढून टाकला. त्याचे आराखडेही फेडोरोव्हिचचेच आणि तिच्या उत्तम कामांपैकी एक. कमीत कमी वापरणं हा तिचा हात होता. त्याला नाइलाज म्हणणं म्हणजे तिचं श्रेय रेशन खात्याला देणं.

या बॅलेच्या दोनच महिने आधी, त्याच रंगमंचावर, फॉरवर्डमधला 'झगमगाट' घडला होता. 20 फेब्रुवारी 1946, कॉव्हेंट गार्डनचं ऑपेरा हाउस. युद्धकाळात तिथे डान्स हॉल चालायचा. राजघराणं हजर, बॅले 'द स्लीपिंग ब्यूटी', फॉन्टेन राजकन्या ऑरोराच्या भूमिकेत, नेपथ्य-पोशाखांचे आराखडे ऑलिव्हर मेसेलचे. इथपर्यंत ठीक. फक्त रेशन उठलं नव्हतं. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशन मार्च 1949 पर्यंत चाललं. म्हणजे तो सगळा राजेशाही थाट कुपनांच्या राज्यातच शिवला गेला. मेसेल तार, कागद, पाइप साफ करायच्या काड्या असल्या चिल्लर वस्तूंतून मुकुट घडवण्यासाठी प्रसिद्ध होता. युद्धात त्याची नेमणूक छद्मावरण विभागात होती, आणि तो मशिनगनच्या काँक्रीट चौक्यांना गवताच्या गंजीचं नाहीतर रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानाचं रूप द्यायचा. अशा माणसाला तुटपुंज्या सामानातून राजवाडा उभा करायला सांगितलं, तर त्याला ते नवं थोडंच होतं? फॉरवर्ड लिहिणाऱ्याने खरी गंमत इथेच घालवली.

राहिले बॅले फ्लॅट्स. यात निम्मं खरं आहे. फेब्रुवारी 1943 मध्ये अमेरिकेत पादत्राणं रेशनवर गेली, माणशी वर्षाला तीन जोड. त्याच दशकात डिझायनर क्लेअर मॅकार्डेलने न्यूयॉर्कच्या कपेझिओ या जोडे करणाऱ्या कंपनीकडून आपल्या कपड्यांना जुळणारे, रस्त्यावर टिकतील असे बॅलेचे जोड करून घेतले, आणि सपाट जोड फॅशनमध्ये आले. हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पण कपेझिओ 1887 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराजवळ दुकान मांडून नाचाचे जोड शिवत होते, तेव्हा जोड काही युद्धात जन्मला नाही. आणखी मागे गेलं तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बायका असेच सपाट, मऊ सॅटिनचे जोड घालून मेजवान्यांना जायच्या. ताल्योनीचा जोडही त्याच घाटाचा, फक्त चवड्याला दोऱ्याने रफू करून घट्ट केलेला. नर्तकीने तो बाहेरच्या जगाकडूनच उचलला होता.

हे सगळं मी तिन्ही गटांत टाकलं. पालकांच्या गटातून एकच प्रश्न आला: टुटूची जाळी मुलीला टोचते, अस्तर कसलं लावू? मऊ सुती लावा, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा.