बाकावर उभा राहा

शाळेत मी एकदाच बाकावर उभा राहिलो होतो, तेही भूगोलाच्या तासाला, दुसऱ्यानं मारलेल्या शिट्टीपायी. त्यानंतर थेट पंचेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुईस काउंटीतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) एका टीचभर गावानं मला पुन्हा बाकावर उभं केलं. या खेपेला शिक्षेचं नावच ‘बेंच वॉरंट’ होतं. आरोपी तारखेला आला नाही, की न्यायाधीश बसल्या जागेवरून, म्हणजे बेंचवरून, ‘आणा त्याला धरून’ म्हणतात, ते हे वॉरंट. आणि माझा गुन्हा? अंगणातलं गवत वाढलं.

झालं असं, की जूनमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आम्ही सहा आठवडे नारायणगावजवळ आमच्या घरी गेलो. निघताना गवत कापायचं काम शेजारच्या पोराकडे सोपवलं आणि पैसे आगाऊ दिले. मजुराला आगाऊ पैसे देऊ नयेत, हे शेतकऱ्याच्या मुलाला कुणी सांगायला लागू नये. पण मजूर इंग्रजी बोलत असला की आपल्याला उगाच त्याचा आदर वाटतो. परतलो तेव्हा अंगण बघून बायको म्हणाली, ‘‘दोन म्हशी सहज निघतील इथे.’’ दाराच्या मुठीला गावाच्या नोटिशीचा पावसानं धुतलेला चिटोरा लटकत होता. त्यावर फक्त ‘इंच’ एवढाच शब्द वाचता आला.

मी त्याच दिवशी गवत कापलं आणि विषय संपला असं समजलो. पण समन्स टपालानं येऊन गेलं होतं. इथलं टपाल खातं तुमची पत्रं जास्तीत जास्त ३० दिवस सांभाळून ठेवतं. आम्ही बाहेर होतो ४२ दिवस. नंतरचा ढीग पेटीत कोंबलेला होता. त्यात पिझ्झ्याची कुपनं होती, गालिचे धुऊन देणाऱ्यांच्या जाहिराती होत्या आणि मधेच कुठेतरी ते समन्स. पिझ्झ्याची कुपनं मी नीट वेगळी काढली, हे मला आठवतं.

सप्टेंबरात एकाच आठवड्यात तीन वकिलांची पत्रं आली. ‘तुमच्या नावे वॉरंट असू शकते. आम्ही मदत करू.’ मी ती हसत हसत रद्दीत टाकली. कारण त्याआधीच कुणीतरी शेरीफ असल्याचं सांगून मला फोन केला होता आणि ‘अटक टाळायची असेल तर दुकानातून गिफ्ट कार्ड घेऊन त्यावरचे नंबर वाचून दाखवा’ असा दम भरला होता. त्या भामट्याला मी ओळखलं होतं, त्यामुळे आता मला कुणी फसवू शकत नाही अशी माझी खात्री होती. बायकोनं रद्दीतून पत्रं काढली. म्हणाली, ‘‘तीन वेगवेगळ्या वकिलांना एकाच आठवड्यात तुझीच आठवण का यावी?’’

मिसुरीतल्या कोर्टांचे खटले ‘केस डॉट नेट’ नावाच्या सरकारी साइटवर शोधता येतात. आधी आडनाव, मग नाव. घातलं. काही नाही. मी विजयी मुद्रेनं चहा मागितला. चहा आला नाही. ‘‘मधलं नाव घालून बघ,’’ असा आदेश आला. तेही केलं, काही नाही. मग तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि आडनावापुढे थेट बाबांचं नाव टाईप केलं.

सापडलं! पत्ता आमचा, अंगण आमचं, पण आरोपी माझे वडील. घराच्या कागदांवरून टिपून घेताना कुणीतरी माझं नाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल केली होती. खटल्याचं शीर्षक होतं ‘सिटी विरुद्ध बाबा’. खाली तारीखवार नोंदी: समन्स पाठवले, आरोपी गैरहजर, वॉरंट जारी, बॉन्ड (म्हणजे जामीन) १०० डॉलर. ज्या माणसानं पुण्याचं विमानतळसुद्धा फक्त आम्हाला सोडायला येताना पाहिलंय, तो नव्या गुडघ्यानिशी अमेरिकेत फरार होता.

त्या रात्री झोप कसली! नागरिकत्वाच्या अर्जात ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का, कुठलं सायटेशन (म्हणजे नियम मोडल्याची चिठ्ठी) मिळालं आहे का’ असा प्रश्न असतो. बारा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून शेवटी गवतावर घसरायचं? रात्री दोन वाजता वाचता वाचता मी फर्ग्युसनला पोचलो. पुण्यातलं नव्हे, हे फर्ग्युसन शहर आमच्यापासून गाडीनं वीस मिनिटांवर. मार्च २०१५मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं त्या शहराच्या पोलिसांवर आणि कोर्टावर अहवाल दिला. शहराची वस्ती २१,००० आणि वॉरंट डोक्यावर असलेली माणसं १६,००० हून जास्त. (त्यातली बरीच बाहेरगावची, येता-जाता धरलेली.) ‘चालण्याची रीत’ या गुन्ह्याला एकाला ३०२ डॉलर दंड झालेला. आणि ‘उंच गवत व तण’ यासाठी ५३१ डॉलर! माझं हसू तिथेच विरलं. पुढे वाचलं तर उरलंसुरलंही गेलं, कारण वॉरंट निघालेल्या खटल्यांपैकी ९२ टक्के काळ्या माणसांवरचे होते. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून तारखेला जायची भीती, गेलं नाही म्हणून वॉरंट, वॉरंट म्हणून कोठडी, कोठडीमुळे नोकरी जाते. माझ्यासारखा पगारदार तिथे फक्त जागरण करतो. ऑगस्ट २०१५मध्ये फर्ग्युसनच्या नव्या न्यायाधीशांनी २०१४ अखेरपर्यंतची सगळी वॉरंटं मागे घेतली, एवढं वाचून मी दिवा मालवला. आमच्या गावात अजून कुणी काही मागे घेतलेलं नव्हतं.

पुढचे चार दिवस गाडी बायकोनं चालवली. सेंट लुईस काउंटीत सुमारे नव्वद गावं, त्यातल्या अनेकांचे आपापले पोलीस. नॅचरल ब्रिज रोडवरून कोथिंबीर आणायला निघालं तरी वाटेत पाच-सहा गावांच्या हद्दी लागतात. प्रत्येक हद्दीला मी सीटवर थोडा खाली सरकायचो. ‘‘वॉरंट बाबांच्या नावावर आहे, तू कशाला लपतोस?’’ बायकोचा प्रश्न रास्त होता. पण वडिलांच्या जागी मुलाला धरून नेतात, हे आमच्या गावाकडचं शिक्षण.

गणपतीत मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं. तो मोदक खात मोठ्यानं म्हणाला, ‘‘हात्तिच्या, बेंच वॉरंट? मला दोनदा होतं!’’ आरतीला जमलेल्यांपैकी निदान चौघांनी माना वळवल्या. कुणाच्या गाडीच्या नंबरप्लेटची मुदत संपलेली, कुणाचं कुत्रं लायसन्सविना फिरलेलं. आमचं मंडळ म्हणजे आरोपींचा मेळावा निघाला. त्यानंच सांगितलं, ‘‘आपणहून फोन कर. धरून नेईपर्यंत थांबू नकोस.’’

फोन केला. आवाज जरा जाड केला. ‘‘माझ्या एका मित्राबद्दल विचारायचं होतं...’’

‘‘बरं. मित्राचा पत्ता?’’ कारकून बाईंनी विचारलं.

मी आमचा पत्ता सांगितला.

‘‘अच्छा, गवत! हनी, मित्राला म्हणावं, गुरुवारी संध्याकाळी सहाला ये. आपणहून आलेल्याला इथे कुणी धरत नाही. येताना अंगणाचा फोटो आण म्हणावं.’’

हनी म्हणाल्यामुळे मला धीर आला. आपल्याकडच्या कोर्टात अजून मला कुणी मध म्हटलेलं नाही.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट, फायलीत समन्सची छापील प्रत, विमानाची तिकिटं, बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे आणि गवत कापल्याचे सात फोटो, त्यात एक टेप लावून मोजलेला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण इथे पायरीच नव्हती, उतरता रॅम्प होता. कोर्ट म्हणजे नगर परिषदेच्या सभेचा हॉल. महिन्यातून एखाद-दुसऱ्या संध्याकाळी तिथे घडीच्या खुर्च्या मांडून न्याय देतात. भिंतीवर महापौरांचे फोटो, कोपऱ्यात कॉफीचं मोठं भांडं, दाराशी एक पोलीस. त्याला बघून मी आधी एक्सरे काढला.

न्यायाधीशही पूर्णवेळ नसतात, बाकी दिवस वकिली करतात. या भागात एकच माणूस एका गावात न्यायाधीश आणि शेजारच्या गावात सरकारी वकील असल्याचे किस्से लोक आजही सांगतात. आमचे न्यायाधीश काळ्या झग्यात आले, हक्क वाचून दाखवले, आणि पैसे भरणं जमत नसेल तर आधी सांगा, असंही म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तसं सांगितलं. त्यांना हप्ते बांधून मिळाले. बाई कामाच्या गणवेशातच आल्या होत्या आणि सारखं घड्याळ बघत होत्या.

मग बाबांच्या नावाचा पुकारा झाला. त्यात तीन अक्षरं नवीन होती, पण मी उभा राहिलो.

‘‘हे तुम्ही का?’’

‘‘नाही, युअर ऑनर. ते माझे वडील. ते भारतात असतात.’’

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. ‘‘मग गवत कुणाचं?’’

‘‘माझं.’’

रात्रभर पाठ केलेलं भाषण इथे सुरू होणार होतं. गुडघा, टपाल, तीस दिवस, शेजारचा पोरगा. मी एक्सरे वर धरला. त्यांनी तो दिव्याकडे न बघताच विचारलं, ‘‘कापलं का?’’

‘‘हो.’’

फोटो त्यांनी एकच पाहिला, टेपवाला नव्हे. कारकून बाईंनी नाव दुरुस्त केलं. वॉरंट रद्द, दंड ५० डॉलर, कोर्टाचा खर्च वेगळा. एकूण चार मिनिटं. खिडकीवर कार्डानं पैसे भरले, तर त्यावर ‘सोयीचं शुल्क’ म्हणून आणखी काही डॉलर लागले. सोय नेमकी कुणाची, ते विचारायचं धैर्य झालं नाही. शिक्का मारलेला कागद मात्र मागून घेतला. तो आजही गाडीच्या कप्प्यात आहे, गणपतीच्या फोटोखाली.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. बाबांना सगळं माहीत होतं, बायकोनं कळवलं होतं. शेताच्या बांधावरून चुलत्यांशी त्यांचा दावा १९९४ पासून तालुक्याच्या कोर्टात चालू आहे. त्या बांधावरही गवतच आहे.

‘‘काय झालं?’’

‘‘संपलं.’’

‘‘म्हणजे पुढची तारीख कधी?’’

‘‘तारीख नाही, बाबा. संपलं.’’

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

‘‘वकील कोण होता?’’

‘‘वकील नव्हताच.’’

पुन्हा शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी टेकल्याचा आला, आणि बाबा फोन कानालाच धरून स्वयंपाकघराकडे ओरडले, ‘‘अगं ऐकलंस का? मी सुटलो!’’