गुप्तवार्ता शिकवा, आठवड्याला चार तास

संरक्षणशास्त्रात एम.ए. झालंय, प्राध्यापकीची सेट परीक्षा निघालीय, वय पस्तिशीकडे झुकलंय आणि पाहुण्यांनी तुमची चौकशी केली की घरचे पावसापाण्याचा विषय काढतात, अशी तुमची अवस्था असेल तर खचून जाऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणानं ओपन इलेक्टिव्ह नावाची, म्हणजे शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयाची, एक मोकळी जागा कॉलेजांना दिलीय आणि तिथं काय भरायचं हे कॉलेजांनाही अजून नीटसं सुचलेलं नाही. तुम्ही जाऊन सुचवा: 'गुप्तवार्ता अभ्यास', म्हणजे हेरगिरीचं शास्त्र. सातारा त्यासाठी फार चांगलं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली इथंच निघालं, अपशिंग्याच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं, आणि पोवई नाक्यावर कुठल्याही चहाच्या गाड्यापाशी उभं राहा, सरकारनं सीमेवर काय करायला हवं हे सांगणारी दोन माणसं तरी भेटतातच. मागणी आहे. पुरवठा तुम्ही करायचा.

प्राचार्य एकच प्रश्न विचारतील, "मुलांना याचा उपयोग काय?" इथं आयबीचं, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याचं, नाव घ्यायचं. तिथल्या एसीआयओ या अधिकारीपदाच्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तुमच्या पेपराला तिथं कुणी विचारत नाही, हे त्यांनी विचारलं तरच सांगायचं. ते विचारत नाहीत. माहितीपत्रकात 'इंटेलिजन्स' मोठ्या टायपात छापून घ्या. निम्मी मुलं एआयचा कोर्स समजून येतील. प्रवेश रद्द करायची मुदत संपेपर्यंत त्यांना काही बोलू नका. ज्याला जेवढं कळायला हवं तेवढंच कळू द्यायचं, हा या विषयाचा पहिला धडा तुमचा पहिल्याच आठवड्यात शिकवून होतो.

नेमणूक तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे तासागणिक मानधनावर. मुलाखत होते, निवड होते, तास सुरू होतात आणि ऑर्डर मागून येते. मागून म्हणजे दिवाळीच्या आसपास, कधी दिवाळी करून. तोवर तुम्ही कागदावर नसता. टाइमटेबलवर तुमच्या नावाच्या जागी 'सीएचबी २' असतं. हजेरीच्या मशिनला तुमचा अंगठा ठाऊक नसतो. ग्रंथालयातलं पुस्तक कुणातरी कायम सरांच्या कार्डावर न्यायचं. कॉलेजाला दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की मात्र ब्लेझर घालून या म्हणून रात्री नऊला फोन येतो, आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की तुम्ही पुन्हा नाहीसे. धरला गेलास तर आम्ही तुला ओळखत नाही, ही अट जगभरची हेरखाती आपल्या माणसांना घालतात. तुम्हाला ती एम.ए.ला पुस्तकात वाचावी लागली होती, आता प्रात्यक्षिक मिळतंय आणि तेही बिनफीचं.

पैशांचा विषय निघाला की कौटिल्य काढायचा. 'भारतीय ज्ञान प्रणाली'च्या रकान्यात तो तसाही बसतो. शामशास्त्रींनी १९०९ साली छापलेल्या अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात पगाराचा अख्खा तक्ता आहे. वेष पालटून एका जागी बसणाऱ्या हेराला १००० पण (तेव्हाचं नाणं), गावोगाव हिंडणाऱ्याला ५००, आणि आचार्य नि विद्वान मंडळींना योग्यतेप्रमाणे ५०० ते १०००. म्हणजे मास्तर आणि हेर एकाच श्रेणीत, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ठरलेलं आहे, असं वर्गात अभिमानानं सांगा. त्याच तक्त्यात राजाच्या आचार्याला ४८ हजार पण आहेत. तुमच्या वाट्याला त्यातले ४८ आले, फक्त ती मिनिटं आहेत. एवढ्याच मिनिटांचा एक तास धरतात. हे पण वर्षाचे की महिन्याचे यावर अभ्यासकांचा जुना वाद आहे. तुमच्या बाबतीत तो वाद उद्भवत नाही, कारण बिल वर्षातून एकदाच निघतं.

मुलांचं म्हणाल तर मुलं चांगली असतात. कोरेगाव, जावळी, पाटण, मिळेल त्या एस.टी.नं येतात, सकाळी भरतीच्या तयारीचं धावून आलेली असतात आणि दुपारच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपतात. त्यांना नोट्स द्या. नोट्समध्ये गुप्तवार्ता-चक्राचे टप्पे असले पाहिजेत: गरज ठरवणं, माहिती गोळा करणं, ती वाचण्याजोगी करणं, विश्लेषण, आणि ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचवणं. हा प्रश्न दरवर्षी येतो, आकृतीला दोन मार्क असतात. प्रत्यक्षात हे चक्र असं गोल फिरत नाही, साहेबाला उत्तर आधी हवं असतं आणि माहिती मागाहून गोळा होते, असलं काही बोलू नका. आकृती बिघडते.

मागच्या बाकावरच्या एकावर मात्र लक्ष ठेवा. कौटिल्यानं हेरांचे प्रकार सांगताना अगदी पहिला जो सांगितला तो कापटिक, म्हणजे दुसऱ्याचं मर्म ओळखणारा धीट विद्यार्थी. तो तुमच्याही वर्गात असतो. तुमचं लग्न ठरत नाही, तुम्ही दुपारी क्लासला शिकवता आणि तुमची ऑर्डर अजून आलेली नाही, हे त्याला तुमच्या घरच्यांच्या आधी कळलेलं असतं.

प्रतवारीचा धडा टाळता आला तर टाळा. नाहीच टाळता आला तर असं होतं, ते आधीच सांगून ठेवतो.

ब्रिटिश नौदलाच्या नावानं ओळखली जाणारी ही पद्धत तशी साधी. बातमी आणणाऱ्याला ए ते एफ अशी अक्षरं द्यायची, बातमीला १ ते ६ आकडे; ए आणि १ सगळ्यांत भरवशाचे. दोन्ही वेगवेगळं तपासायचं, कारण भरवशाचा माणूस चुकीची बातमी आणू शकतो आणि थापाड्याच्या तोंडून एखादे वेळी खरंही निघतं. तुम्ही उत्साहानं फळ्यावर लिहिता: 'गुरुवारी सुट्टी आहे.' खाली तीन सूत्रं: कार्यालयाची नोटीस, शिपाईमामा, मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप. आणि विचारता, कुणाला काय द्याल?

"मामांना ए," पहिल्या बाकावरची मुलगी लगेच म्हणते. "त्यांनी सांगितलेलं कधी चुकलं नाही, सर."

"आणि नोटिशीला?"

"डी. मागच्या वेळी सुट्टी शुक्रवारी होती, नोटीस शनिवारी लागली."

वर्ग हसतो. तेवढ्यात तो मागचा धीट गडी उठतो. "पण सर, मामांना कोण सांगतं?"

आता वर्ग जागा झाला. एकेक धागा निघायला लागतो. मामांना कार्यालयातले भाऊसाहेब सांगतात. भाऊसाहेबांना प्राचार्यसाहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर. ग्रुपवर टाकणारा पोरगा मामांचा भाचा. आणि नोटीस टाइप करतात तेही भाऊसाहेबच. म्हणजे फळ्यावर सूत्रं तीन दिसतात आणि बातमी सगळी ड्रायव्हरची. मग तुम्ही सांगता की २००३ साली इराकवर जाताना अमेरिकेचं असंच झालं. सद्दामकडे फिरत्या जैविक प्रयोगशाळा आहेत, ही बातमी मुख्यतः 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी माणसाची. तो जर्मन हेरखात्याच्या हाताखाली होता, अमेरिकनांनी त्याला स्वतः बसवून तपासलं नव्हतं, आणि तीच गोष्ट ५ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांत जगापुढे मांडली गेली. पुढे प्रयोगशाळा काही सापडल्या नाहीत. कौटिल्य म्हणतो, तीन हेरांचं एक जुळलं तर विश्वास ठेवा. पण तोच आधी सांगून ठेवतो की हेरांना एकमेकांची ओळख असता कामा नये. ही अट वाचायची राहिली की काय होतं, ते मुलांच्या ध्यानात येतं. कुणी घड्याळाकडे बघत नाही. दोघंजण तर वहीत लिहून घेतात, सांगितलेलं नसताना.

ही चूक पुन्हा करू नका. 'नोटिशीला डी दिला' ही बातमी घंटा व्हायच्या आत कार्यालयात पोचते, तिची प्रतवारी कुणीही करत नाही, आणि संध्याकाळी सायकल काढताना मामा हळूच सांगतात, "सर, साहेब विचारत होते, ह्यो पेपर नक्की कशाचा हाय म्हणून." मामा ए आहेत. बातमी १ समजा.

त्यापेक्षा लांबचे पराभव शिकवा. पर्ल हार्बर उत्तम. १९४१, जपान, इशारे होते पण गोंगाटात हरवले. कुणाच्या भावना दुखावत नाहीत. जवळचं काही घेऊ नका. उदाहरणार्थ, इंग्रजांविरुद्ध इथं उभं राहिलेलं प्रतिसरकार. सातारा-सांगली तेव्हा एकच जिल्हा. त्याचे पुढारी नाना पाटील १९४२ पासून चार वर्षं भूमिगत, डोक्यावर बक्षीस, गोऱ्या सरकारचे पोलीस गावोगाव, आणि माणूस सापडत नाही. ७ जून १९४३ ला कराड तालुक्यातल्या शेणोलीपाशी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. ती कधी येणार, रक्कम कुठल्या डब्यात, बंदोबस्त किती, ही माहिती आधी लागते, आणि ती हवेतून येत नाही. एका बाजूला बातमीचं असं जाळं, दुसऱ्या बाजूला पोलिसांना बातमी देणाऱ्याच्या तळपायाला पत्रीची शिक्षा. गुप्तवार्ता आणि प्रतिगुप्तवार्ता दोन्हींचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकात मिळायचं नाही.

पण समजा तुम्ही वर्गात विचारलंत, कुणाच्या घरी या गोष्टी आहेत? सात-आठ हात झटक्यात वर येतील. पणजोबा निरोप्या होते, पणजी भाकरीच्या दुरडीत चिठ्ठ्या न्यायची, आमच्या माळ्यावर अमुक तमुक तीन रात्री झोपले होते. आणि खिडकीशेजारचा एक हात वर येणार नाही. त्याच्या पणजोबांच्या तळपायांची गोष्ट गावाला अजून पाठ आहे, खरी की भावकीच्या वादातून रचलेली हे आता कोण सांगणार? प्रतवारी लावायला सूत्रं उरलेली नाहीत. तो पोरगा पुढच्या तासाला येणार नाही. तेव्हा पर्ल हार्बर.

बहिर्जी नाईक मात्र टाळता येत नाहीत, कारण प्रकल्प सगळेच त्यांच्यावर करतात. एकाच झेरॉक्सच्या दुकानातून निघालेले साठ प्रकल्प, चुका त्याच, एकाच पानावर तोच शाईचा डाग. अस्सल कागदांत त्यांच्याबद्दल फार थोडं सापडतं, बाकी दंतकथेनं भरलेलं आहे, हे सांगायचा मोह आवरा आणि बाणूरगडला सहल काढा. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात त्यांची समाधी आहे. मुलं फकिराचा नि वासुदेवाचा वेष करून फोटो काढतील. ते फोटो नॅकच्या फायलीत लागतात.

तज्ज्ञाचं व्याख्यान एक तरी ठेवावं लागतं. यूजीसीनं २०२२ पासून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केलीय; १५ वर्षांचा अनुभव हवा, पदव्यांची सक्ती नाही. ही सोय तुमच्यासारख्या नेट-सेटवाल्यांसाठी नसून निवृत्त साहेबांसाठी आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. साहेब येतात. शाल, श्रीफळ, मोती चौकातून आणलेले कंदी पेढे. मुलं प्रश्न लिहून बसलेली असतात. पण २०२१ च्या मे महिन्यात निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. गुप्तवार्तेच्या खात्यातून निवृत्त झालेल्यानं खात्याच्या कामाबद्दल पूर्वपरवानगीशिवाय काही छापायचं नाही. छापायचं नाही म्हटल्यावर शहाणा माणूस बोलतही नाही. साहेब तासभर पहाटे उठण्याचे फायदे सांगतात. शेवटी कुणीतरी विचारतं, "सर, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता?"

"देशसेवा," साहेब म्हणतात. टाळ्या होतात.

वाचायला द्यायचं तर कारगिल समितीचा अहवाल द्या. के. सुब्रह्मण्यम यांची समिती १९९९ मध्ये नेमली, अहवाल २००० मध्ये संसदेपुढे आला आणि सुरक्षेच्या कारणानं त्यातला मजकूर जागोजाग गाळलेला आहे. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रकार आमच्या मुलांना पहिलीपासून येतो, त्यामुळे अडचण पडत नाही. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल द्यायचा विचारही करू नका. १९६३ पासून सरकारनं तो बाहेरच काढलेला नाही, आणि तुमच्या झेरॉक्सचे पैसे तर तुमचे तुम्हालाच भरावे लागतात.

मार्चअखेर बिल करा. तीन प्रती, प्रत्येक तासाची तारीख, मस्टरवर सही, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, मग ते वरच्या कार्यालयात जातं. भाऊसाहेब चष्मा कपाळावर ठेवून विचारतील, "सर, चौदा तारखेला तुम्ही तास घेतल्याचं लिहिलंय, त्या दिवशी तर स्नेहसंमेलनाची मीटिंग होती." तुम्हाला आठवत नाही. त्यांना आठवतं. एवढी स्मरणशक्ती चुकीच्या टेबलावर वाया चाललीय असं मनातल्या मनात म्हणा आणि तो तास खोडून द्या. पुढे बिलाचं काय झालं हे विचारायला माहिती अधिकारात अर्ज टाकायचा विचार येईल. कायद्याच्या कलम २४ नं आयबी आणि रॉ यांना दुसऱ्या अनुसूचीत घालून माहिती द्यायच्या बंधनातून सोडवलंय. कॉलेजाचं नाव त्या अनुसूचीत नाही, पण हे कॉलेजाला कुणी कळवलेलं दिसत नाही. अर्ज टाकू नका. ज्यांच्या बातम्या वारंवार एकमेकांशी जुळत नाहीत त्यांना गुपचूप शिक्षा करावी किंवा काढून टाकावं, असा नियम कौटिल्यानं हेरांसाठी घालून दिलाय, आणि कॉलेजात तो धडा न शिकवता सगळ्यांना येतो.

जूनमध्ये प्राचार्य तुम्हाला बोलावतील. चहा सांगतील, हे लक्षण वाईट. यंदा ओपन इलेक्टिव्हला 'योग आणि ताणव्यवस्थापन' घेतोय म्हणतील. त्यावर रागावू नका, "सर, मी तेही शिकवतो" म्हणा. त्याचं प्रमाणपत्र एप्रिलमध्येच काढून ठेवलेलं बरं. मे महिन्यात तिथं गर्दी फार असते, सगळे सीएचबीवाले तिथंच भेटतात.