दिंडी दरवाजा आणि कंट्रोलचं बटण

अनामिक कराडकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. चाहत्यांनी बनवलेल्या गेम लेव्हलवरून, म्हणजे खेळातल्या टप्प्यावरून किंवा नकाशावरून, बनवणाऱ्याचा देश ओळखता येतो, असं मी गेल्या लेखात म्हटलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, 'हे आडनावावरून जात ओळखण्यासारखं झालं. शैली एडिटर ठरवतो, संगत ठरवते, पासपोर्ट नाही.' एडिटर म्हणजे लेव्हल बांधायचं सॉफ्टवेअर. वर 'काउंटर-स्ट्राइक' या बंदुकांच्या गेममधल्या 'डस्ट' नकाशाचा दाखला दिलात.

जपानचं आधी मिटवतो, कारण तिथे मी खरंच घसरलो. 'कायझो' मारिओच्या छळवादी लेव्हल बघून 'जपानी माणूस मुळातच सोशिक' असं ठोकून दिलं. पण टी. ताकेमोतोनं 'सुपर मारिओ वर्ल्ड' मोडून त्या लेव्हल केल्या त्या आपल्या एका दोस्ताला खेळायला लावण्यासाठी, आणि २००७ मध्ये त्याचे व्हिडिओ 'निको निको दोगा' या जपानी व्हिडिओ साइटवर गाजले. दोस्ताची जिरवण्यात राष्ट्रीय स्वभाव कसला? आज अमेरिका-युरोपातली माणसंही कायझो रचतात. वाक्य मागे.

'डस्ट'ही मान्य. १९९९ साली इंग्लंडच्या डेव्ह जॉन्स्टननं ती वाळवंटी गल्ली उभी केली, ती 'टीम फोर्ट्रेस २' या दुसऱ्याच गेमची सुरुवातीची चित्रं बघून. तिच्यात इंग्लंड शोधून हाती काही लागायचं नाही.

पण पासपोर्टचा संबंधच नाही, हे काही पटत नाही. जर्मनीत 'डूम' हा गोळीबाराचा गेम १९९४ मध्ये मुलांना अपायकारक म्हणून सरकारी यादीत गेला, तो सुटला २०११ ला. तिथल्या पोराच्या हातात गेम कसा आणि कुणाकडून पडणार, यात सरकारचा हात होताच की.

आता माझा खरा मुद्दा, जो लेखात मला नीट मांडता आला नाही. २००६ मध्ये सांगलीला गावभागातल्या एका नेट कॅफेत आम्ही तासाला पंधरा रुपये मोजून 'काउंटर-स्ट्राइक १.६' खेळायचो. तिथल्या बारावीतल्या एका पोरानं 'हॅमर' नावाच्या एडिटरमध्ये आजोबांचा वाडा बांधायला घेतला. टेप लावून मोजला, एक इंच म्हणजे गेमच्या मापातलं एक युनिट धरलं, आणि जसाच्या तसा उतरवला. पहिल्याच डावात सगळे जिन्यापाशी खोळंबले. भिंतीतला जिना दोन फूट रुंद, म्हणजे २४ युनिटं, आणि या गेममधला माणूस ३२ युनिटं रुंद! माणूस सोडा, बोटसुद्धा शिरेना. जिना त्यानं निमूटपणे रुंद केला.

वाड्याच्या मोठ्या दारातल्या छोट्या दाराला, दिंडी दरवाज्याला, मात्र हात लावू देईना. चार फुटी दरवाजा, ४८ युनिटं. उभा खेळाडू ७२. कंट्रोलचं बटण दाबून खाली बसलात तर ३६, मगच आत. त्यामुळे एकेकानं वाकून शिरायचं आणि चौकात बंदूक रोखून बसलेल्यानं टिपायचं. आम्ही बोंबललो. दिंडी दरवाजा बसका का, तर येणाऱ्याला आधी डोकं आत घालावं लागतं, हे म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. पटलं ते त्या दिवशी, सलग सहा वेळा मेल्यावर.

पोरगं शिकलं इंग्रजी ट्युटोरियलवरून. एडिटर स्वीडनच्या पोराकडे असतो तोच. म्हणजे तुमची दोन्ही कारणं इथे हजर आहेत, तरी तो दरवाजा त्यातल्या कुठल्याच कारणातून येत नाही. रक्तातून येतो असंही मी म्हणत नाही. रोज वाकून आत जाणाऱ्याला दरवाजा म्हणजे तसाच वाटतो, एवढंच.

आणि एक. भिंतींचा खालचा अर्धा भाग त्यानं काळपट ठेवला होता, वर सरळ आडवी रेघ. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ म्हणाला, ''टेक्श्चर चुकलंय रे तुझं.'' पोरगं स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालं, ''चुकलं न्हाई. गेल्या साली पाणी हितंवर आलतं.''

जपानचं वाक्य आज रात्री लेखातून खोडतो. 'देश' हा शब्द खोडून 'घर' लिहू का, यावर तुमचं मत कळवा.