दोन डगरींवर हात? मला नाही वाटत

कॉलेजात इतिहासासोबत मानसशास्त्र हा विषय घेणं म्हणजे दोन डगरींवर हात, असं मत एका लेखात वाचलं; पटलं नाही. १५ जानेवारी १९३४चा बिहारचा भूकंप घ्या. मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी तेव्हाच्या अफवा अभ्यासल्या. जिथे धक्का बसला पण पडझड झाली नाही, तिथे 'याहून मोठं संकट येतंय' अशा अफवा पसरल्या होत्या! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने पुढे त्याचा अर्थ लावला : भीती आधीच मनात बसलेली, तिला साजेसं कारण लोक नंतर शोधतात. नुसत्या सनावळ्या घोकून हे कसं कळणार? मात्र हाताशी चार पत्रं नसताना एखाद्या राजाचं मनोनिदान करणारे बहाद्दरही पाहिलेत. त्यांना आधी दफ्तरखान्यात बसवा. आणि हो, मानसशास्त्रात संख्याशास्त्र असतं, आर्ट्सवाल्यांनो.