चांगथांग रिकामं नाही

जून उजाडला की लडाखचे फोटो सुरू होतात. त्सो मोरीरी तळ्याच्या काठावर बाईकशेजारी हात पसरून उभे असलेले आपले पुण्या-ठाण्याचे लोक, आणि खाली ठरलेली ओळ: 'मैलोन्‌मैल माणूस नाही!' फोटो झकास असतात. पण ती ओळ वाचली की माझं डोकं सटकतं.

माणूस आहे हो. तो आपल्या शेळ्या घेऊन पलीकडच्या खोऱ्यात गेलाय, एवढंच. साडेचार हजार मीटरवरच्या या चांगथांग पठारावर अभयारण्य झालं 1987 साली. चांगपा लोक त्याच्या कितीतरी आधीपासून याकच्या केसांचे तंबू घेऊन कुरणं बदलत फिरताहेत. कुणी कुठे आणि किती दिवस चारायचं, हे गोबा, म्हणजे गावचा मुखिया, सगळ्यांना बसवून ठरवतो. गवत इतकं विरळ की एकाच जागी रेंगाळलात तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवायचं नाही.

उगाच गोड चित्रही रंगवायला नको. किआंग, म्हणजे तिथलं रानगाढव, तेच गवत खातं म्हणून चांगपा वैतागतात. लांडग्यांसाठी त्यांनी दगडी खड्डे बांधले होते. आणि ज्या पश्मीन्यासाठी आपण दुकानात खिसा रिकामा करतो, तो एका शेळीमागे वर्षाला जेमतेम पाव किलो मिळतो, तोही हाताने विंचरून.

1962 नंतर सीमेकडची कितीतरी हिवाळी कुरणं गेली. याच पठारावरच्या खर्नाकची बरीच कुटुंबं कळप विकून लेहजवळ येऊन राहिली. आता इथल्याच पांगजवळ 13 गिगावॅटचा सौर आणि पवन वीजप्रकल्प येऊ घातलाय. तिथली वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्यांना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. पण नकाशावर 'पडीक' दिसणारी ही जमीन कुणाचं तरी कुरण आहे. तिथे पहिलं कुंपण पडण्याआधी गोबाला विचारायला हवं, आणि तो 'नाही' म्हणाला तर ते 'नाही' मोजलंही जायला हवं.

आपल्या हातात थोडंच आहे. त्सो मोरीरीकाठच्या कोरझोकला गेलात तर गावातल्या घरी उतरा. गाडी तळ्याकाठच्या हिरवळीवर घालू नका, काळ्या मानेचे क्रौंच अशाच पाणथळीत घरटं करतात. उरलेलं अन्न तंबूबाहेर टाकू नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि तीच पुढे क्रौंचांची घरटी उद्ध्वस्त करतात, चांगप्यांची करडंही पळवतात.