पंधरा हजार किलोमीटरवरचं घायपात

मुलगी मेक्सिको सिटीत नोकरीला. तिला सुट्टी रविवारीच, म्हणून तिने आम्हा दोघांना बुधवारी एका सहलीच्या गाडीत बसवून दिलं. ‘‘बाबा, तेओतिवाकान, ते पिरॅमिडवालं जुनं शहर, फक्त ५० किलोमीटर आहे. गाइड सगळं दाखवेल. तुम्ही नुसतं बसायचं.’’

बसलो. सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत नुसतं बसलोच होतो, कारण गाडी शहरभर हॉटेलाहॉटेलांतून माणसं वेचत फिरत होती. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडीही अशीच फिरते, पण त्यात निदान चिवडा तरी येतो. चढताना माझ्या पिशवीचा पट्टा दारात अडकून तुटला, तो अपशकुनच म्हणायचा.

गाइड उत्साही होता. सगळ्यांना ‘आमीगोस’, म्हणजे मित्रांनो, म्हणायचा आणि दर वेळी ‘पाच मिनिटं’ थांबायचा. गाडी पहिल्यांदा थांबली तेव्हा मी टोपी घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून ऐटीत उतरलो. समोर पिरॅमिड नव्हता, दुकान होतं.

दुकानाच्या मागे एक जाडजूड, काटेरी झुडूप. गाइडने आवाज खाली आणला. ‘‘याचं नाव ‘मागे’. याच्यापासून दारू होते, दोर होतो, घरावर छप्पर होतं. आणि बघा...’’ त्याने पानाचं काटेरी टोक मोडून अलगद खाली ओढलं. सुई आणि तिला आपसूक चिकटलेला दोरा! गाडीतल्या गोऱ्या मंडळींनी ‘आ’ केला.

‘‘अहो, हे तर घायपात,’’ ही म्हणाली.

‘‘हळू बोल.’’

‘‘हळू काय त्यात? आमच्या बांधावर रांग आहे की. आप्पा याचीच दावी वळायचे.’’

पुढे निवडुंग. त्याच्यावरचा पांढरा बुरा गाइडने तळव्यावर चोळला, तर तळवा लालभडक! त्या बुऱ्यात किडे असतात आणि त्यांच्यापासून रंग करतात म्हणे. ‘‘फड्या निवडुंग,’’ हिने शांतपणे जाहीर केलं. इथवर येण्याच्या तिकिटाचा आकडा माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागला. अब्रू सावरायला मी ज्ञान पाजळलं. घायपात, निवडुंग, मिरची, टोमॅटो, चिकू, हे सगळं मूळचं इकडचं, आपल्याकडे नंतर आलं.

‘‘म्हणजे आपण मिरचीच्या माहेरी आलोय!’’ ही एकदम हळवी झाली आणि झुडपाकडे जरा आदराने बघू लागली.

मग सकाळी साडेदहाला पुल्के, मेस्काल, तेकीला अशी घायपाताच्याच दारूंची चढत्या क्रमाने चव. मग ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच. ती डोळ्यांपुढे धरून सूर्य बघायचा. मी किमतीची चिठ्ठी बघितली. मला काचेशिवायच तारे दिसले.

पिरॅमिडपाशी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. सूर्याचा पिरॅमिड मात्र खरोखर अजस्र आहे. उंची ६५ मीटर आणि एकेक बाजू सव्वादोनशे मीटरच्या आसपास. तो चढायचा म्हणून मी महिनाभर रोज पर्वती चढलो होतो. तिथे जाऊन बघतो तर आडवी दोरी! २०२० पासून वर सोडतच नाहीत. मी मोठ्याने हळहळलो. गुडघ्यांनी मनोमन नारळ फोडला.

‘‘हसू लपवा,’’ ही म्हणाली.

गाइडचं ज्ञान मात्र दुकानांपेक्षा सरस निघालं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे शहर, वस्ती लाखाच्या वर, पण बांधलं कुणी ते नक्की माहीत नाही. ॲझ्टेक आले ते शेकडो वर्षांनी, सगळं ओस पडल्यावर. नावही त्यांनीच ठेवलेलं. दोन्ही बाजूंचे ढिगारे त्यांना थडगी वाटली, म्हणून मधल्या रस्त्याचं नाव ‘मृतांचा मार्ग’. थडगी नव्हतीच ती. पण भर उन्हात आमची वरात बघणाऱ्याला ते नाव पटलं असतं. आणखी एक. १९१० साली मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याची शताब्दी होती, तोवर हा पिरॅमिड झळकावा म्हणून पुरातत्त्वज्ञ लिओपोल्दो बात्रेस यांनी १९०५ पासून घाईने डागडुजी केली, आणि त्यात मूळ चार टप्प्यांचे पाच झाले असं म्हणतात. वाढीव मजला! मला एकदम आमची सोसायटी आठवली.

हे ऐकत असतानाच कानापाशी वाघ गुरगुरला. मी हिच्या मागे लपलो. जॅग्वारसारखा आवाज काढणारी मातीची शिट्टी विकायला एकजण आला होता. आमच्या गाडीतल्या एका आजोबांनी ती विकत घेतली.

‘‘पाच मिनिटं,’’ गाइड म्हणाला. या वेळी मात्र त्याची पाच मिनिटं खरोखर पाच मिनिटंच होती. चंद्राचा पिरॅमिड लांबूनच नमस्कार करून उरकला, कारण जेवणाला उशीर होत होता.

जेवणात शाकाहारी म्हणून माझ्या ताटात आली निवडुंगाची भाजी. गुरांनी शेतात शिरू नये म्हणून लावतात, ती वस्तू! चवीला बुळबुळीत भेंडी. हिने मात्र दोनदा घेतली. माहेरचं ना.

परतीच्या वाटेवर आजोबा शिट्टी वाजवत होते. ही खिडकीशी मान खाली घालून काहीतरी करत होती. गाइडने दिलेल्या सुईदोऱ्याने माझ्या पिशवीचा पट्टा शिवत होती. ते बघून गाइड ओरडला, ‘‘आमीगोस!’’ आणि सगळी गाडी आमचे फोटो काढायला वळली. दिवसभरात एवढे फोटो सूर्याच्या पिरॅमिडचेही निघाले नसतील.

रात्री मुलीने दार उघडताच विचारलं, ‘‘आई, कसा होता पिरॅमिड?’’

हिने पिशवी हिसका देऊन ओढून बघितली. ‘‘पक्का बसलाय पट्टा.’’